सतापाची एक फांदी

आत्या, तुला खाडीकाठी पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार वाजलं. शेजारची काशी होती. कडेवर नातू, त्याचं नाक वाहत होतं. मला वाटलं, दुखवट्याला आली असेल. ती म्हणाली, "बाय, दोन पानं दे ना सतापाची. आता हिरा नाय, तर कोणाकडे मागू?"

मी नाही म्हटलं. तसं तोंडाने म्हटलं नाही, तोंडाने मला कधी काही म्हणता येत नाही हे तुला माहीत आहे. दार लावून घेतलं. काशी बाहेरून बोलली, "हिरा असती तर हात भरून दिलान असता. शिकलेली माणसं ही अशी." मग पावलं लांब गेली.

तुझ्यामागे तुझ्याविषयी मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. हिरा असती तर दिला असता. खरं आहे. धाकट्या डहाणूत गेल्या वीस वर्षांत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या टाळूवर, छातीवर, पाठीवर तुझ्या हातचा सताप लागला आहे. मूल दचकलं की सताप. घरघरलं की सताप. झटके आले की सताप, आणि पाळण्याच्या दोरीला फडक्यात बांधलेला तो वेगळाच. आमच्या गावाला वाळत्या बोंबलाचा वास आहे, त्यापुढे दुसरा कुठला वास टिकत नाही. तुझा सताप टिकायचा. गोडसर, कडू, नाकात जरासा झोंबणारा. रॉकेलच्या फुटक्या डब्यातलं गुडघाभर उंचीचं ते झुडूप, निळसर हिरवी बारीक पानं, वर चार पाकळ्यांची पिवळी फुलं. लोक म्हणायचे, हिराचं घर शोधायचं तर वासावर जा.

मीही त्याच पाल्यावर जगले. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की ते मला माझं आठवतंय असं वाटतं. आई मला जन्म देऊन गेली, मी अकरा दिवसांची असताना झटके आले, सगळ्यांनी हात टेकले, आणि तू, नवरा गेलेली, वर्षभरापूर्वीच भावाकडे परत आलेली, मला पदरात घेऊन रात्रभर बसलीस. तुझ्या ओल्या बोटाला तो वास होता. पुढे मामाने मला मुंबईला नेलं. तो मिशनच्या शाळेत स्वयंपाकी होता, त्यामुळे मला तिथे प्रवेश मिळाला. बाबांचं मन नव्हतं. तू म्हणालीस, "जाऊ दे तिला. इथे राहून काय करणार, बोंबील मोजणार?" सुट्टीत मी घरी आले की तू दारातूनच हाक मारायचीस, "आली गो माझी मडम! शूं छे, मडम? मराठी येते का अजून?" सगळे हसायचे. मी आत पळायची.

हे सगळं मी विसरलेले नाही, हे आधी सांगते. कारण आता जे लिहायचं आहे ते तुला आवडणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे कुणीतरी तुला हे वाचून दाखवायला हवं होतं, आणि ते काम या घरात नेहमी माझंच असायचं. तेव्हा वाचूनच दाखवते आहे असं समज.

ते झाड तुझ्याकडे झरीहून आलं. तळासरीच्या बाजाराला तू सुकी मासळी घेऊन जायचीस, पुढे झरीपर्यंत पायी, आणि तिथल्या एका शेतकरणीने तुला मूठभर सुकटीच्या बदल्यात रोप दिलं. त्याबरोबर नियमही दिले. सूर्य वर यायच्या आत पानं तोडायची. तोडून हात धुवायचे. उन्हात झाडाला हात लावायचा नाही. तू ते नियम जसेच्या तसे आणलेस, आणि कारण तुझं तू लावलंस. "झाड उन्हाला लाजतं," म्हणायचीस. त्यात गावाने आपली भर घातली. अडचणीतल्या बाईने शिवायचं नाही, बाळंतिणीने शिवायचं नाही, सावलीसुद्धा पडता कामा नये, नाहीतर झाड सुकतं आणि देवी कोपते. पोटुशी बाई तर तू मागच्या अंगणात येऊच दिली नाहीस. एकदा एक बाई पदराआडून काहीतरी कुजबुजली तेव्हा तू तिला हाताला धरून रस्त्यापर्यंत नेऊन सोडलंस. "या कामाला मी पाला देत नाय. पोर जाईल आणि पाठोपाठ तू जाशील," म्हणालीस. म्हणजे हा पाला काय करू शकतो ते तुला ठाऊक होतं, आत्या. निदान अर्धं तरी.

दोन राज्यं वेगळी व्हायच्या आधीचा तो नाताळ. मी पंधरा वर्षांची, सुट्टीत घरी. दादाची बायको, सुमनवहिनी, पंचवीस दिवसांची बाळंतीण. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आपल्याकडेच झालं. मुलीची, मंदाची, छाती भरली होती. तू पहाटे पाला चुरलास, तेलात कालवलास आणि तिच्या पाठीवर खालून वर हात फिरवलास. मी बघत होते. मग टोपली उचलून तळासरीला गेलीस. मुलीला सावलीत ठेव, एवढे चार शब्द वहिनीला सांगितले नाहीस. तुला ते माहीतच नव्हते, असं मी तेव्हा धरून चालले.

वहिनीने तेच केलं जे हिवाळ्यात प्रत्येक आई करते. अंघोळ घालायची नव्हती, म्हणून मुलीला तशीच मागच्या दारात उन्हाला पालथी निजवली. वलांडीवर बोंबील वाळत होते, खाली मूल वाळत होतं. मी तिथेच पुस्तक घेऊन बसले होते. मुलगी शांत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठ लाल झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले, पाण्याने भरलेले. काशीने बघितलं आणि हात जोडले. "देवी आली गो, सुमन." झालं. दाराला कडुनिंब लागला. चुलीवर फोडणी बंद, तळण बंद, केस विंचरणं बंद. औषधाचं नाव काढायचं नाही. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला होता, त्याला सांगितलं की या घरात मूल नाही.

पण चेहरा स्वच्छ होता, आत्या. हात, पाय, तळवे स्वच्छ. आमच्या शाळेत देवीची चित्रं लावलेली होती, मला माहीत होतं की देवी आधी तोंडावर येते. फोड फक्त पाठीवर होते आणि ते विखुरलेले नव्हते. कमरेपासून खांद्यापर्यंत चार पट्टे. माणसाच्या हाताने ओढल्यासारखे.

तू बाजारातून आलीस. मी तुला कधी नव्हे ते हाताला धरून मागे नेलं.

"आत्या, ते डाग मोजलेस?"

"देवीचे डाग मोजायचे नसतात."

"चार आहेत. तुझी बोटं बघ."

तू उजवा हात पदरातून काढलास. बघितलास. परत पदरात घातलास.

"गप बस, मडम."

"पण वैद्याला…"

"गप बस म्हटलं ना. तुझं तोंड उघडलंस तर बघ."

मी तोंड उघडलं नाही. ते मला जमतंच.

त्याच संध्याकाळी बायका दोष शोधायला बसल्या, कारण देवी उगाच येत नाही. काशीला झाडाची मोडलेली, सुकलेली फांदी दिसली. मागच्या दारात दिवसभर कोण बसतं? बाळंतीण. वहिनी रडून सांगत होती, "मी नाय शिवले, देवाशपथ नाय शिवले." तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी चुलीजवळ खाली मान घालून बसले होते.

ती फांदी मी तोडली होती. शाळेत वनस्पतींची वही करायची होती, पानं दाबून, खाली नाव लिहून. माझ्या वहीत मुंबईच्या बागेतलीच झाडं होती. आपल्या घरचं एक असावं असं वाटलं. भर दुपारी, कुणी नसताना, ओढून तोडली. आणि तेव्हा मी अडचणीत होते. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण शाळेत कुणी बाजूला बसत नाही आणि घरी दादादेखत कोपऱ्यात बसायची मला लाज वाटायची. म्हणजे गावाच्या हिशेबाने मी दोषी होते आणि खऱ्या हिशेबाने तू. वहिनी दोन्हीत कुठे नव्हती.

माझा त्या विटाळावर विश्वास नव्हता. तरी भीती वाटलीच. आजही नक्की सांगता येत नाही की मी का गप्प बसले. तू दटावलंस म्हणून, का मला सोयीचं होतं म्हणून.

फोड फुटले, चिघळले. औषध नव्हतं, म्हणून चिघळत राहिले. पोर जगली, पण पाठीवर चार काळे वळ राहिले. नंतर आपली होडी दोनदा रिकामी परतली, तेही वहिनीच्याच माथी आलं. मग तूच म्हणालीस, सगळ्यांसमोर, अगदी मऊ आवाजात, "थोडे दिवस जाऊ दे सुमनला बापाकडे. पावसाळ्यापर्यंत." वहिनी मुलीला घेऊन झाईला गेली. चार पावसाळे झाले.

पुढच्या मे महिन्यात मी तुझ्याशी भांडले. माझ्या आयुष्यातलं ते एकच भांडण. शाळेच्या ग्रंथालयात मला चित्र सापडलं होतं, तीच पानं, तीच चार पाकळ्यांची फुलं. खाली लिहिलं होतं की याचा रस अंगाला लागून ऊन पडलं तर कातडी भाजते. मी तुला ते मराठीत सांगितलं. तू मासळी उलथत होतीस.

"कोणी लिहिलंय?"

"एका बाईंनी. शिकलेल्या आहेत."

"तिला पोर झालंय का?"

"त्याचा काय संबंध?"

"तुला त्याच पाल्याने जगवलं. पुस्तकाने नाय."

"मला जगवलं असेल. मंदाला जाळलं."

तू उलथणं थांबवलंस. मला वाटलं, आता मारशील. तू म्हणालीस, "मडम, तुला सगळं सांगायचंय ना? मग सगळं सांग." आणि परत कामाला लागलीस. मला तेव्हा कळलं नाही की त्या वाक्यात काय होतं. मी समजले, तू मला भित्री म्हणते आहेस. मी चिडून आत गेले, आणि त्यानंतर आपण दोघी फक्त हवापाण्याचं बोललो.

मग गेल्या वर्षी तुझं पोट दुखायला लागलं. वर्षभर दुखत होतं. तू कुणाला सांगितलं नाहीस आणि त्यावरही तोच पाला उकळून प्यायलीस. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग येता-जाता. मी या दिवाळीत आले तेव्हा तुझ्या डोळ्यांत पिवळेपणा होता आणि उलट्या थांबत नव्हत्या. डहाणूच्या डॉक्टरांनी विचारलं, काय काय घेतात? मी म्हटलं, सताप. ते म्हणाले, इतका पोटात? मग रोगाने बिघडलं का पाल्याने, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरून काहीतरी बोलायला लागलीस आणि मी म्हटलं, "आता बोलू नकोस, दमशील." मी तुला गप्प बसवलं, आत्या. एकदा तूही मला बसवलं होतंस. फिटंफाट झाली असं काही वाटत नाही.

दहाव्याला बायकांनी तुझी पेटी उघडली, लुगडी वाटायला. तळाशी, पांढऱ्या पोलक्याच्या घडीत, एक कागद होता. काशीने तो मला दिला, "इंग्रजी दिसतंय, तुझंच असेल." माझ्या वहीचं पान होतं. वर माझ्या अक्षरात इंग्रजीत 'नाव' आणि पुढे मोकळी रेघ, त्यावेळी मला त्या झाडाचं इंग्रजी नाव माहीत नव्हतं. खाली दाबलेली सतापाची फांदी, तपकिरी झालेली. फुलाच्या जागी पिवळी धूळ. त्या सुट्टीच्या शेवटी वहीतलं ते पान मला सापडलं नव्हतं. मी समजले होते, पडलं कुठेतरी.

म्हणजे तुला माहीत होतं. माझी फांदी तुला माहीत होती, तुझा हात मला माहीत होता. "मग सगळं सांग." आता ते वाक्य मला ऐकू येतं. तू माझ्यासाठी गप्प बसलीस, का माझा धाक घालून स्वतःला वाचवलंस? हे मला तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करते आणि रोज दुसऱ्या बाजूला पोचते. कधी वाटतं, तू मला दुसऱ्यांदा पदरात घेतलंस. कधी वाटतं, तू त्या पदराखाली वहिनीचा गळा दाबलास आणि मला तिचे पाय धरायला लावलेस. ते पान तू जाळलं का नाहीस? चुलीत टाकलं असतंस तर मला तुझ्यावर नीट रागावता आलं असतं.

त्याच संध्याकाळी जातीतले वडीलधारे अंगणात बसले. घरात आता बाईमाणूस नाही, म्हणाले. दादाने किती दिवस असं राहायचं? तेरावं झालं की काडीमोड करून टाकू. पाच माणसांसमोर गवताची काडी मोडायची, नातं संपलं. दुसरी मुलगीही बघून ठेवली होती. दादा जाळं शिवत ऐकत होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तोही आपल्याच घरातला.

बोलायला हवं होतं. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.

अकराव्या दिवशी सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी सताप चुरला. तेलात कालवला. डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, उजव्या हाताची चार बोटं दाबून ओढली. मग वलांडीखाली, जिथे मंदाला निजवलं होतं, तिथेच दुपारपर्यंत हात उघडा ठेवून बसले. काशी दुरून म्हणाली, "काय गो, पोरीला वेड लागलं का?" पहिल्या दिवशी काही झालं नाही. क्षणभर वाटलं, पुस्तक खोटं, तू खरी. बरं वाटलं, हेही सांगते. तेराव्याच्या सकाळी हात पेटल्यासारखा झाला. दुपारी जेवणाची पानं उठत होती तेव्हा चार पट्ट्यांवर फोड टरारून आले होते.

मी दादासमोर जाऊन हात पुढे केला.

"हे काय?"

"सताप. उन्हात."

तो बघत राहिला. त्याने आपल्या मुलीची पाठ नऊ दिवस बघितली होती.

"चार बोटं," तो म्हणाला.

"हो."

"तिकडे कोणाची?"

"आत्याची. इथे माझी."

"आणि फांदी?"

"ती मी तोडली होती, दादा. वहिनीने शिवलं नव्हतं."

जाळ्याची सुई त्याने खाली ठेवली. मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने अंगणातल्या म्हाताऱ्यांना हाक मारून माझा हात दाखवला, आणि मला म्हणाला, "आता ह्यांना सांग. सगळं." मी सांगितलं. मधे मधे इंग्रजी शब्द येत होते, एक म्हातारा म्हणाला, "जोरात बोल." मी जोरात बोलले. तुझं नाव घेतलं, मग माझं घेतलं. काशी तोंडावर पदर धरून म्हणाली, "मेलेल्या माणसाला असं बोलतात का गो?" काडीमोडाचं त्या दिवशी कुणी परत बोललं नाही.

काल आम्ही झाईला गेलो. वहिनी अंगणात मासळी निवडत होती. दादा कुंपणाशीच थांबला. मी सगळं परत सांगितलं. तिने हातातली पाटी खाली ठेवली नाही.

"चार वर्षांनी?" ती म्हणाली.

"हो."

"आत्या असताना बोलली असतीस तर तिला दोन शब्द सुनावले असते. आता कोणाला सुनावू?"

"मला."

"तू तर काडीएवढी होतीस." मग पाटी कमरेवर घेत, "पण जीभ तेव्हाही होती तुला."

मंदा तिच्या मागून आली. चार वर्षांची, परकरातली. तिने माझ्या हातावरच्या फोडांवर बोट न लावता बोट फिरवलं. "तुलापण देवी आली?"

"नाही," मी म्हटलं. "हा माझाच हात."

तिला ते पटलं नाही. ती खोकली. तिची छाती अजून भरते हिवाळ्यात, वहिनी म्हणाली. परत यायचं की नाही, ते ती बोलली नाही. दादालाही तिने आत बोलावलं नाही, कुंपणापाशी पाण्याचा तांब्या तेवढा नेऊन ठेवला. आम्ही निघालो तेव्हा मागून हाक आली.

"बाय, ते झाड आहे का अजून?"

"आहे."

"मग एक फांदी आणून दे. इथे लावते. पाल्यावर माझा कधी राग नव्हता."

मला वाटलं होतं, ते झाड मी मुळासकट उपटून खाडीत टाकेन. तेराव्याच्या आधी रोज तसं ठरवत होते. आज काशी पुन्हा आली, तिला दोन पानं दिली, आणि नातवाला आज, उद्या, परवा उन्हात न्यायचं नाही हे तीनदा वदवून घेतलं. ती म्हणाली, "मोठी आली डॉक्टरीण." पण वदली.

आत्या, उद्या पहाटे, ऊन यायच्या आत, मी सतापाची एक फांदी तोडणार आहे. या वेळी सगळ्यांना सांगून.